बेडकेबाई

डॉ. अहल्या पोतनीस कुठे राहतात, असं कामशेत-मळवलीकडच्या गावांत कुणी विचारलं असतं तर लोकांनी नुसत्या माना हलवल्या असत्या. बेडकेबाई कुठे राहतात म्हटलं की शेंबड्या पोरानेही लोणावळ्याच्या इस्पितळाची वाट दाखवली असती. छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका बाटलीत घालून मागणारी दुसरी बाई त्या मुलखात नव्हती. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे की. काय आणून द्यायचं ते नावातच कळतं."

आमचं क्षयरुग्णांचं इस्पितळ लोणावळ्याच्या बाहेर, टेकडीच्या उतारावर होतं. त्याच्या खालच्या अंगाला तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि बाई तिच्या प्रमुख होत्या. कोणत्या औषधाने क्षयाचे जंतू मरतात, कोणत्या औषधाला ते दाद देईनासे होतात आणि का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. साठच्या दशकात मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. घरी एक मुलगी, आणि रोज तळेगावहून गाडीने येणं-जाणं.

पहिल्या दिवशी बाईंनी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली आणि विचारलं, "किती दिसतात?"

निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या दिसत होत्या. मी म्हटलं, "चार-पाच असावेत."

"असावेत म्हणजे काय? पाहिलंत की वाटलं?"

मी पुन्हा डोळा लावला. एकेक काडी मोजली. म्हटलं, "तीन."

"बरोबर की चूक ते मला माहीत नाही. मी अजून पाहिलेलं नाही." मग त्या स्टुलावर बसल्या, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन."

'पाहिलंत की वाटलं?' हे त्यांचं वाक्य सगळ्या इस्पितळात रूढ झालं होतं. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तर स्वयंपाकीसुद्धा तेच विचारायचा.

बाई उंच, वाळक्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. जंतू वाढवायला जे हिरवं मिश्रण करावं लागे त्याचा रंग बोटांच्या पेरांतून कधी गेला नाही. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्या 'अहो-जाहो' करत, आणि सगळ्यांना सारख्याच बोलत. मला 'गायकवाड' म्हणत.

माझ्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. मी लागले त्या आठवड्यात पाण्याच्या माठाजवळ एक जास्तीचा पेला आला, कडेला, वेगळा ठेवलेला. तो कुणी ठेवला हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले, नोकरी हवी होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी नवे पेले आणले, प्रत्येकावर तांबड्या रंगाने स्वतः नाव घातलं, त्यांचंही, आणि फर्मान काढलं: क्षयाच्या प्रयोगशाळेत कुणीही कुणाच्या पेल्याला तोंड लावायचं नाही. जास्तीचा पेला स्लाइडी धुवायला गेला. हे त्यांनी जंतूंसाठी केलं की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. काम झालं.

त्या हिरव्या मिश्रणाला अंडी लागत, शेकड्याने, आणि चार दिवसांपेक्षा जुनी चालत नसत. बाजारातल्या अंड्यांवर बाईंचा विश्वास नव्हता. त्या भाजे गावी जाऊन घरोघरी अंडी घ्यायच्या आणि प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघायच्या. एकदा मी बरोबर होते. अंडी देणारी बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, येवढी अंडी खाता, मंग अशा वाळक्या कशा वो?"

"मी खात नाही. जंतूंना घालते."

"अरं देवा! आन ते जाड हुत्यात का?"

"फार."

माणसाला बरं वाटेल असं बोलण्याची कला बाईंकडे नव्हती. इस्पितळातून घरी निघालेला एक गिरणी कामगार त्यांच्या पाया पडला. "बरा झालो ना, बाई?" त्या म्हणाल्या, "तुमच्या बेडक्यात सध्या जंतू दिसत नाहीत. मार्चमध्ये पुन्हा या." त्याचा चेहरा पडला. तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, बरा झालास म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"माझं काही जात नाही, त्याचं जातं. बरा झालो म्हटलं की पुढच्या सोमवारपासून तो गोळ्या बंद करतो. मग उरलेसुरले जंतू त्या गोळीला ओळखून असतात."

हवापालटाला आलेले मुंबईचे एक बंगलेवाले पुतण्याच्या सर्दीसाठी नवं इंजेक्शन मागायला आले होते. पैशाची फिकीर करू नका म्हणाले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, "हे औषध तुमच्या पुतण्याच्या सर्दीला ऐकूच येत नाही. त्याच्या अंगात दुसरे जे जंतू आहेत त्यांना मात्र ऐकू येतं, आणि ते सावध होतात. त्यांना उगाच कशाला उठवता?" गृहस्थ तणतणत गेले. पुढे आठ दिवस इस्पितळाच्या समितीवरच्या कुणाकुणाची पत्रं येत होती. बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही.

पण बाईंचं ज्ञान जिथे तोकडं पडलं आणि बाई जिथे सगळ्यांत मोठ्या वाटल्या, ती गोष्ट कामशेतजवळच्या वडिवळ्याची.

गजरा ही वडिवळ्याची भातशेती करणारी बाई. वय चोवीस, एक लहान मुलगी. नवरा रेल्वेत गँगमन, आठवडाभर घाटात. तिला क्षय झाला तेव्हा घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या यादीत बाईंनी तिला घातलं. दोन औषधं होती. एक बारकी पांढरी गोळी, दिवसाला एक-दोन. दुसऱ्या मोठ्या चपट्या गोळ्या, रोज मूठभर. त्या खाल्ल्या की मळमळायचं, छातीत जळजळायचं. दर महिन्याला गोळ्या द्यायच्या आणि बेडका आणायचा, हे काम माझं. चार महिन्यांत गजराच्या गालावर मांस आलं, बेडका स्वच्छ झाला. बाईंनी तिला बजावलं, "यंदा लावणीला वाकायचं नाही. कामाला हात लावायचा नाही."

श्रावणात तिच्या काचेवर पुन्हा लाल काड्या दिसल्या.

आम्ही तिचा बेडका नेहमीच्या बाटल्यांत पेरला. काही बाटल्यांत नुसतं हिरवं मिश्रण असे, काहींत औषध घातलेलं. औषध लागू असेल तर औषधाच्या बाटलीत काही उगवत नाही. क्षयाचा जंतू आळशी. उगवला की नाही हे कळायला दीड-दोन महिने जातात. दसऱ्याच्या सुमारास मी बाटल्या उजेडात धरल्या. बारक्या गोळीचं औषध घातलेल्या बाटलीत, वाळक्या भाकरीचा चुरा टाकावा तशी वाढ झाली होती.

बाई उठून आल्या. "गायकवाड, चिठ्ठ्या बदलल्या नाहीत ना?"

"नाही."

"पाहिलंत की—"

"पाहिलं."

त्यांनी बाटली तीनदा फिरवली. "बारकी गोळी चुकवली असेल. नाहीतर मोठ्या गोळ्या पोटात जात नसतील. डब्यात किती उरतात?"

"एकही नाही. दर महिन्याला मी डबा उपडा करून बघते."

"मग चला."

आम्ही कामशेतला उतरून चालत वडिवळ्याला गेलो. भात पिवळं झालं होतं. गजरा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचे गाल पुन्हा बसले होते. बाईंनी तिची लघवी काचेच्या नळीत मागितली आणि पिशवीतल्या बाटलीतलं औषध तिच्यात थेंब थेंब टाकलं. मोठ्या गोळ्या पोटात असतील तर ती जांभळट तांबूस होते. झाली नाही. पिवळी ती पिवळीच.

एव्हाना शेजारच्या पाच-सहाजणी जमल्या होत्या. "हे काय करताया?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्या तान्हूबाईने विचारलं.

"हिच्या पोटात मोठ्या गोळ्या असत्या तर हे जांभळं झालं असतं," बाई म्हणाल्या.

"आस्सं." तान्हूबाईने नळीत वाकून पाहिलं. "मंग माजं बगा की. सकाळीच चार खाल्ल्यात."

बाईंनी मान वर केली. मग दुसरी नळी पुढे केली. तान्हूबाई घरामागे जाऊन आली. चार थेंब टाकले आणि नळी पिकल्या जांभळासारखी झाली.

"आग्गं बया!" बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "तान्हूआत्याचं रंगीत हाय!"

"तुमी बी खाल्ल्यात की गं, हसताय कशाला?" तान्हूबाई त्यांच्यावर उखडली. "आख्ख्या लावणीत प्वाट धरून पळत हुता बांधाआड, त्ये काय उगाच?"

तेव्हा उलगडा झाला. मावळात भाताची कामं सावडीने होतात. आज चौघी माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. यात मजुरी नसते. पण कुणाच्या खाचरात राबायचं राहिलं आहे हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक असतं. गजराला कामाची मनाई झाली म्हणून ह्या बायांनी तिची लावणी केली, तण काढून बेणणी केली. आणि गजराला त्यांच्याकडे जाता येईना.

"मी काय द्याचं वो त्यांना?" गजरा म्हणाली. "तुमी म्हनला हात लावू नगं, न्हाई लावला. पर ह्या माज्यासाटी चिखलात, आन मी वट्यावर बसून. ग्वाळ्यांनी मला ताकद आली व्हती, सगळ्यांनी बगितलं. मूठभर ग्वाळ्या रोजच्या, मला येकलीला कशाला येवढ्या? म्हून मोठ्या ह्यांना वाटल्या. बारकी माजी मी खाल्ली. ती कदी चुकवली न्हाई, लेकीची आन."

"आणि तुम्हाला मळमळलं नाही?" मी बायांना विचारलं.

"मळमळतंय की. लय मळमळतंय. पर ती सावड फेडतीया, तिला न्हाई कसं म्हनायचं?"

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. दोन्ही नळ्या त्यांनी शेजारी ठेवल्या. मग त्यांनी समजावलं, गजराला नाही, सगळ्यांना मिळून. "डुकरांपासून भात राखायला तुम्ही एक माणूस वरच्या अंगाला बसवता, एक खालच्या. तसं हे आहे. बारकी गोळी वरची, मोठी खालची. खालचा राखणदार तुम्ही घरी नेलात. डुकरं खालून शिरली. आता ती वरच्यालाही भीत नाहीत."

तान्हूबाईचं तोंड उतरलं. "म्हंजी आमी खाल्लं म्हून ही मरनार?"

गजराची लेक ओट्यावरच्या तांदळात बोटाने रेघा ओढत होती.

"मरणार नाही असं मी म्हणू शकत नाही," बाई म्हणाल्या. "एक औषध हातचं गेलं. दुसरं आहे, सुईचं. रविवार सोडून रोज टोचायचं, कितीतरी महिने. आणि मोठ्या गोळ्या सगळ्या हिनेच खायच्या. यातलं काही चुकलं आणि तेही औषध गेलं, तर माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. पण चूक तुमची नाही. काम करू नका असं मी सांगितलं. मग तुमच्या लावणीचं काय, हे मी विचारलं नाही."

इतकी वर्षं मी डॉक्टरांबरोबर काम केलं. चूक माझी, असं पेशंटच्या दारात बसून म्हणणारा दुसरा डॉक्टर मला भेटलेला नाही.

गजराला इस्पितळात ठेवायचं तर खाट रिकामी नव्हती, आणि मुलीला सोडून ती आलीही नसती. सुई कामशेतच्या दवाखान्यात मिळत होती, पण रोज जायचं-यायचं तीन तास, आणि वाटेत नदी. तिला एकटीला धाप लागली असती. बाई विचार करत होत्या तोवर तान्हूबाईनेच तोंड उघडलं. "आमी नेऊ. पाळी लावू. आज ही, उद्या ती. आन ग्वाळ्या आमच्यासमोर गिळायच्या, दात दावायचं."

"हिच्यासाठी एवढं कराल?"

"करू की. सावडीनं." म्हातारीने डोळे बारीक केले. "पर सावड म्हंजी दोन्हीकडनं असती, बाई. हिला तर तुमी वाकू देनार न्हाई. मंग कापनीला तिच्या वाटचं कोन येनार?"

"मी येते," बाई म्हणाल्या.

बाया इतक्या हसल्या की शेजारची कुत्री भुंकायला लागली. पण बाई गेल्या. दिवाळीच्या आगेमागे चार रविवार त्या पहाटेच्या गाडीने कामशेतला उतरत आणि बावन्नाव्या वर्षी विळा घेऊन भात कापत. एका रविवारी मी गेले होते. मला कापता येत होतं, त्यांना येत नव्हतं. पहिल्याच तासात त्यांनी बोट कापून घेतलं, ते त्यांच्या पद्धतीने अर्धा तास धुतलं, आणि परत वाकल्या. त्यांच्यामागून एक बाई उरलेली धाटं कापत यायची. "बेडकेबाई, ह्या परास तुमी अंडीच पाण्यात सोडा," तान्हूबाई ओरडायची. बाई म्हणायच्या, "माझी ओळ संपू द्या, मग बोला."

त्या वर्षीच्या अहवालात एक रकाना होता: उपचार फसण्याचं कारण. त्यात छापील शब्द होते, 'रुग्णाचा निष्काळजीपणा'. बाईंनी ते खोडून लिहिलं, 'डॉक्टरांनी चौकशी केली नाही'. वरून विचारणा आली की हा प्रकार कोणत्या सदरात मोडतो. त्यांनी उत्तर पाठवलं: निष्काळजीपणाच्याच. तेव्हापासून नवा पेशंट आला की औषध देण्याआधी त्या विचारायच्या, घरातलं काम आता कोण करणार, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही काय देणार. आजही माझ्या हाताखालच्या सहा मुलींना मी हेच विचारायला लावते. तपासणीच्या फॉर्मवर हा प्रश्न नसतो. मी तो हाताने लिहून घेते.

गजराची सुई कधी चुकली नाही. एकदा नदीला पाणी वाढलं तेव्हा दोघींनी तिला मधे धरून पलीकडे नेलं. डिसेंबरच्या बेडक्यात काड्या होत्या. जानेवारीत थोड्या होत्या. मार्चची बाटली मी दोन महिने दर सोमवारी उजेडात धरत होते. आठव्या आठवड्यातही ती हिरवीगार आणि गुळगुळीत होती. मी ती बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, आणखी एकदा पाहिली, आणि म्हणाल्या, "एप्रिलची आणा." पुढच्या सगळ्या बाटल्या तशाच निघाल्या. पण त्या वर्षीची लावणीसुद्धा बाईंनी तिला करू दिली नाही.

बाई पुढे निवृत्त होऊन भावाकडे नागपूरला गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला पत्राने कळलं, तेराव्यानंतर. त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. फोटो काढायचा म्हटलं की त्या हात पाठीमागे लपवायच्या, हिरव्या पेरांमुळे. पण त्या जशा दिसायच्या तशा मला स्पष्ट आठवतात, आणि आठवतात त्या बहुतेक वेळा वडिवळ्याच्या बांधावर.

गजराचं औषध संपून बरेच महिने झाले होते आणि शेवटचा बेडका घ्यायला बाई आणि मी गेलो होतो. लावणीचे दिवस. ती घरी नव्हती. तान्हूबाईच्या खाचरात पोटरीभर चिखलात, सातजणींच्या रांगेत, वाकून रोपं लावत होती. मी हाक मारली.

"ही वळ हुं द्या," ती मान वर न करता ओरडली. "मधीच उठता येत न्हाई."

मला गाडी गाठायची होती. मी पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी मला हाताने थांबवलं. छत्री धरून त्या बांधावर उभ्या राहिल्या, ओळ संपेपर्यंत. गजरा आली, पाटाच्या पाण्यात हात धुतले, बाटली घेतली आणि खोकली. काही आलं नाही. पुन्हा खोकली.

"येतच न्हाई, बाई."

"खोल श्वास घ्या. पोटातून खोका."

तिने पोटावर हात दाबून जोर केला. डोळ्यांत पाणी आलं. बाटलीत दोन थेंब थुंकी पडली. बाईंनी बाटली उजेडात धरली. "ही लाळ आहे. लाळ नको, बेडका हवा."

"कुटनं आनू आता?"

"माजा घ्या," तान्हूबाई खाचरातून ओरडली. "तंबाकूचा हाय, लय घट!"

रांगच्या रांग हसली. गजराही हसली, आणि हसता हसता आणखी एकदा खोकून पाहिलं. कोरडंच. दहा मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी ती म्हणाली, "जाऊ का वो? माज्यामुळं रांग खोळंबलीया," आणि उत्तराची वाट न बघता खाचरात उतरली.

बाईंनी ती दोन थेंबांची बाटली पाटाच्या कडेला वीतभर खड्डा करून त्यात रिती केली, जंतुनाशकाने धुतली, वर माती लोटली. अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख घातली. खाली लिहिलं, 'नमुना मिळाला नाही'. मग ती रिकामी बाटली त्यांनी पिशवीत, भरलेल्या बाटल्यांच्या रांगेत, तितक्याच जपून उभी केली, आणि छत्री सावरत बांधावरून चालू लागल्या. पलीकडच्या वाडीत अजून दोन घरं व्हायची होती.